औंधचे राजेसाहेब आणि डोंगरावरचे चित्रसंग्रहालय

औंध म्हटले की आता बहुतेकांना पुण्याचे औंध आठवते. तिथे आपल्यापैकी अनेकांच्या मुलामुलींनी फ्लॅट घेतले आहेत. हा लेख त्या औंधविषयी नाही. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, पावसाने सदा पाठ फिरवलेल्या मुलखात, यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी औंध नावाचे दुसरे एक गाव आहे. एके काळी ते एका संस्थानाची राजधानी होते. आज त्या राजधानीचे फारसे काही उरलेले नाही. देवीचे देऊळ आहे, जुना वाडा आहे, आणि डोंगराच्या वाटेवर एक चित्रसंग्रहालय आहे. हे संग्रहालय ज्यांनी उभे केले त्या श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत सांगावेसे वाटले, त्याला एक कारण आहे. गेली काही वर्षे वस्तुसंग्रहालये, पर्यटन आणि रोजगार हे तीन शब्द सरकारी कागदांत नेहमी एकत्र येतात. बाळासाहेबांनी हे तिन्ही शब्द कधी एका वाक्यात वापरले असतील असे वाटत नाही. पण जे करायचे ते त्यांनी आपल्या बहात्तर गावांच्या राज्यात करून ठेवले.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. प्रतिनिधी घराण्याचे मूळ पुरुष परशुराम त्रिंबक हे छत्रपती राजारामांच्या आणि ताराबाईंच्या काळातले मोठे मुत्सद्दी. मराठी राज्याच्या कठीण काळात त्यांनी तलवार आणि लेखणी दोन्ही चालवल्या. पुढे पेशवाई गेली, इंग्रज आले, आणि प्रतिनिधींच्या वाट्याला एक लहानसे संस्थान उरले. लहान म्हणजे किती, तर सुमारे पाचशे चौरस मैल. तेही सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि एक तुकडा थेट विजापूरच्या बाजूला. जमीन बरीचशी मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. महसूल असा कितीसा येणार? बडोदे किंवा ग्वाल्हेरच्या खजिन्याशी औंधच्या तिजोरीची तुलना करण्यातही अर्थ नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. त्या काळी राजपुत्राने असे शिकणे ही काही रोजची गोष्ट नव्हती. वडील श्रीनिवासराव गादीवर असताना त्यांनी दरबारचे कामकाज जवळून पाहिले. गादी मात्र त्यांना सरळ मिळाली नाही. वडिलांच्या पश्चात थोरले बंधू, त्यांच्या पश्चात पुतण्या असा क्रम लागला. पुतण्याला इंग्रज सरकारने पदच्युत केले तेव्हा, १९०९ साली, बाळासाहेब राजे झाले. वय झाले होते एक्केचाळीस. म्हणजे राजेपण हातात येण्याआधी माणूस म्हणून ते पुरते घडलेले होते. चित्रे काढायची, कीर्तन करायचे, सूर्यनमस्कार घालायचे या तिन्ही सवयी अंगात मुरल्या होत्या. राजाने हरिदासी वेषात कीर्तनाला उभे राहणे हे तेव्हाच्या इतर संस्थानिकांना विचित्रच वाटले असेल. शिकारी, शर्यतीचे घोडे आणि विलायतेच्या सफरी यांत संस्थानांचा पैसा जिरत होता, असा तो काळ.

सूर्यनमस्कारांमुळे त्यांचे नाव जगात पोहोचले. १९३६ मध्ये ते विलायतेला गेले. तिथल्या एका पत्रकार बाईंनी, लुईझ मॉर्गन यांनी, त्यांच्या व्यायामाविषयी लिहिले, आणि १९३८ मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तकही निघाले. औंधच्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे होते. त्याच्या आठवणी सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली. व्यायामाचा हा विषय बराच लिहिला गेला आहे, म्हणून इथे आवरता घेतो.

राजे झाल्याबरोबर पुढच्याच वर्षी त्यांनी जे केले ते आपल्यासारख्या कारखान्यांच्या गावात राहणाऱ्यांना विशेष जवळचे वाटावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागत होती. लोखंडी नांगर करणारा हा माणूस त्याच सुमारास औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होता. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर पडीक जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि सापांचा तो माळ. १९१० साली तिथे वसाहत सुरू झाली आणि पुढे तिचे नाव किर्लोस्करवाडी पडले. ओगले बंधूंचा काचकारखानाही औंध संस्थानातच, कऱ्हाडजवळ उभा राहिला. त्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घरोघरी लागले. पुढे याच राजाने इतकी चित्रे जमवली म्हणून कुणी त्याला नुसता हौशी ठरवू नये, यासाठी ही गोष्ट आधी सांगितली. जिथे पीक येत नाही तिथे माणसाने पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून होता.

आता चित्रांकडे वळू. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणाचे प्रसंग रंगवले आणि १९१६ मध्ये चित्ररामायण छापून प्रसिद्ध केले. राजा रविवर्म्याच्या चित्रांवर त्यांचे मोठे प्रेम होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरवले, तेव्हा त्यांनी वार्षिक हप्त्यांनी मिळून एक लाख रुपये देण्याचे कबूल केले. आवृत्ती सचित्र असावी ही त्यांचीच इच्छा. औंधच्या उत्पन्नाकडे पाहिले तर हा आकडा छातीत धडकी भरवणारा होता. त्या काळात वेरूळ आणि अजिंठ्याला जाणे म्हणजे आजच्यासारखे एसी बसमधून उतरणे नव्हते. त्यांनी चित्रकार बरोबर नेऊन लेण्यांचा अभ्यास केला, वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये पुस्तके काढली. प्रवाशाने लेण्यांत जाऊन नेमके काय पाहावे हे या पुस्तकांतून त्याला कळावे असा हेतू होता. पर्यटनखाते नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती त्या काळातले हे काम आहे.

संग्रह वाढत गेला. रविवर्मा, धुरंधर, पिठावाला, बाबूराव पेंटर यांची चित्रे आली. राजस्थानी, पहाडी, मोगल शैलीची लघुचित्रे आली. बंगाल शैलीचे काम आले. पाश्चात्त्य अभिजात चित्रांच्या नकला आणि तिकडच्या पुतळ्यांच्या प्रतिकृती आल्या. हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम आले, पोथ्या आल्या. हेन्‍री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल हे शिल्पही आले. मूर तेव्हा जगप्रसिद्ध व्हायचा होता. त्याचे काम पाहायला आज लोक लंडनला जातात, आणि त्याचे एक शिल्प खटाव तालुक्यात आहे हे सांगितले तर ऐकणाऱ्याला थट्टाच वाटते.

संग्रह वाड्यात ठेवून पाहुण्यांना दाखवणे सोपे होते. बहुतेक संस्थानिकांनी तेच केले, आणि संस्थाने गेल्यावर त्यांच्या वस्तू लिलावात निघाल्या, परदेशी गेल्या. बाळासाहेबांनी डोंगराच्या उतारावर, देवीच्या वाटेवर, स्वतंत्र इमारत बांधली. तिची आखणी त्यांनी स्वतः केली. दालनांना उजेड आणि वारा आपोआप मिळावा अशी योजना केली. १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय सुरू झाले. सोबत ग्रंथालयही.

जागेची निवड मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची वाटते. यमाईला पौषात मोठी यात्रा भरते. एरवीही कुलदेवतेच्या दर्शनाला माणसे येतच असतात. चित्रे पाहायला म्हणून औंधला कोण येणार होते? शेतकरी, गुराखी, माणदेशातली नवी सवाष्ण ओटी भरायला येणार, आणि येता-जाता वाटेवरच्या इमारतीत डोकावणार. ज्या बाईने जन्मात कागदावरचे चित्र पाहिले नाही तिला रविवर्म्याचे मूळ चित्र पाहता येणार. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम शहराच्या उच्चभ्रू भागात होते, बडोद्याचे बागेत. औंधचे मात्र देवळाच्या वाटेवर होते. आज पर्यटनाच्या अभ्यासात जे सांगतात, की नवे आकर्षण जिथे लोकांचा राबता आहे तिथेच जोडावे, ते या राजाने बहुधा अंदाजानेच केले.

आणि हेच १९३८ साल दुसऱ्याही एका गोष्टीचे आहे. वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब विलायतेहून शिकून आले होते. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर, ज्यांना पुढे भारतानंद म्हणू लागले, ते औंधात येऊन राहिले होते. गांधीजींचा सल्ला घेतला गेला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची घटना अमलात आली. पंचायतीपासून वर चढत जाणारी ती रचना होती. राजाच्या खर्चालाही तिने मर्यादा घातली. देशातल्या शेकडो संस्थानांत जेव्हा प्रजापरिषदांवर लाठ्या चालत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंती नसलेला तुरुंगही त्याच वर्षी सुरू झाला. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा दो आँखें बारह हाथ त्याच प्रयोगावरून सुचला. चित्रपट पाहून आपण सगळेच हेलावलो, पण त्यातला माळ औंध संस्थानातला हे फार थोड्यांना ठाऊक असते.

चित्रे आणि सत्ता दोन्ही त्यांनी एकाच सुमारास लोकांच्या स्वाधीन केली. त्याचा फायदा पुढे दिसला. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. गावाच्या दृष्टीने हा आनंदाचा दिवस होता आणि घात होण्याचाही. राजधानी गेली म्हणजे कचेऱ्या गेल्या, कारकून गेले, वकील गेले, दरबारी कामासाठी येणारे पक्षकार गेले, आणि त्यांना जेवू घालणारी खानावळ बसली. पंडित सातवळेकर १९१८ च्या सुमारास औंधात आले होते. ते स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार, पुढे वेदांकडे वळले. त्यांच्या स्वाध्याय मंडळाने, छापखान्याने औंधचे नाव काशीपर्यंत नेले होते. तेही १९४८ मध्ये गुजरातेत पारडीला गेले. साने गुरुजी जिथे विद्यार्थी म्हणून काही काळ राहिले, गदिमा जिथे शिकले, त्या गावाला एकाएकी उतरती कळा लागली. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब वारले. गावातून सगळे काही निघून जाताना त्यांना पाहावे लागले. संग्रहालय मात्र गेले नाही. ते आधीच सार्वजनिक झाले होते, वारसांच्या वाटणीचा प्रश्न उरला नव्हता. आज ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय खात्याकडे आहे.

त्याने गावाला जगवले का? याचे सरळ उत्तर होय असे देता येणार नाही. संग्रहालयाच्या तिकिटावर कुठलेच गाव जगत नाही, पॅरिससुद्धा नाही. तिकिटाचा पैसा फार तर दिवाबत्ती आणि शिपायाच्या पगारापुरता. खरा पैसा बाहेर फिरतो. रिक्षावाला, चहाची टपरी, जेवणाची खानावळ, नारळ-ओटीची दुकाने, रात्री मुक्कामाची खोली. पाहुणा एक तास थांबला तर चहा पितो, अर्धा दिवस थांबला तर जेवतो, आणि मुक्काम पडला तर गावातल्या दहा घरांत त्याचा पैसा जातो. औंधची अडचण हीच आहे. ते महामार्गापासून आत आहे, साताऱ्याहून गाडीने जाऊन दुपारपर्यंत परतता येते. त्यामुळे पाहुणा दर्शन घेतो, चित्रे पाहतो आणि जेवायला साताऱ्यात परत जातो. तरीही दरबार गेलेल्या इतर लहान राजधान्यांकडे पाहा. वाडे पडले, दिंडीदरवाजे विकले गेले, आणि बाहेरच्या माणसाने तिथे जावे असे काही उरले नाही. औंधला निदान येण्याचे कारण आहे.

स्पेनमध्ये बिल्बाओ नावाचे एक शहर आहे. लोखंड आणि जहाजांचे कारखाने बंद पडत चालले तेव्हा तिथल्या सरकारने कोट्यवधी खर्चून १९९७ साली गुगेनहाइम संग्रहालय उघडले, आणि जगभरचे प्रवासी तिथे येऊ लागले. त्याचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच. पण त्या शहराने नुसती इमारत बांधली नाही. नदी साफ केली, मेट्रो आणली, विमानतळ सुधारला. औंधच्या राजाकडे तसा पैसा नव्हता, आणि ज्यांच्याकडे नंतर होता त्यांनी बराच काळ औंधच्या रस्त्याकडे लक्ष दिले नाही. हा दोष संग्रहालयाचा म्हणता येत नाही.

आपल्या जबलपूरशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. मला तरी बराच दिसतो. भेडाघाटला येणारा प्रवासी धुआंधार पाहतो, नावेतून संगमरवरी कडे पाहतो, दगडात कोरलेली एखादी मूर्ती घेतो आणि संध्याकाळची गाडी धरतो. चौसष्ट योगिनींच्या देवळापर्यंत पायऱ्या चढणारे त्यातले थोडे. शहरातल्या राणी दुर्गावती संग्रहालयात कलचुरी काळातली शिल्पे मांडून ठेवलेली आहेत. पण महाराजपुरातले आपण किती जण तिथे गेलो आहोत? पाहुणे आले की आपण त्यांना ग्वारीघाट दाखवतो, भेडाघाट दाखवतो, बडकुलाची खोव्याची जिलबी खायला घालतो. संग्रहालय आपल्या यादीत नसते. ते यादीत आले तर पाहुण्याचा मुक्काम अर्धा दिवस वाढेल, आणि भेडाघाटच्या मूर्ती कोरणाऱ्याकडे पाहण्याची त्याची नजरही बदलेल. हजार वर्षांपूर्वीचे काम पाहून आलेला माणूस आजच्या कारागिराशी घासाघीस जरा कमी करतो, असा निदान माझा समज आहे.

बाळासाहेबांचा आपल्या या प्रांताशी प्रत्यक्ष संबंधही आला होता. १९३५ साली मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरले, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी भरवलेल्या संमेलनाला सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातून एक राजा आला, तो राजा म्हणून नव्हे, लेखक आणि चित्रकार म्हणून. त्या वेळी डोंगरावरची इमारत उभी राहायची होती. इंदूर, उज्जैन, देवास, धार या भागांत मराठी राजवटींची केवढी तरी चित्रे, पोथ्या, शस्त्रे, नाणी होती. त्यांतली काही आज संग्रहालयांत आहेत, काही कुणाकुणाच्या माळ्यावर आहेत, आणि काही रद्दीत गेली. जबलपूर-सागर पट्ट्यातही मराठी अंमल १८१७-१८ पर्यंत होता. जुन्या मराठी घरांच्या पेट्यांत मोडी कागद अजून सापडतात, आणि ते वाचणारा घरात कोणी नसतो.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत आपल्यापैकी बरेच जण पुण्याला, साताऱ्याला, कोल्हापूरला जातात. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. सोमवारी संग्रहालय उघडे असते की नाही हे आधी विचारून जावे, सरकारी संग्रहालयांना एक वार सुटी असतेच. सकाळी लवकर पोहोचावे. आधी डोंगर चढून देवीचे दर्शन, उतरताना संग्रहालय. लघुचित्रांसमोर घाई करू नये, ती जवळ जाऊनच दिसतात. मुले बरोबर असतील तर त्यांना आधी पुतळे दाखवावेत, म्हणजे ती कंटाळणार नाहीत. आणि जेवण गावातच घ्यावे.